सोन्याचा खांदा

बैलांचा सण बेंदूर जवळ आला, की गुंडाबापूंच्या नाकाशी पुरणाआधी लोणी-हळदीचा वास येतो. आणि त्यामागं चौऱ्याहत्तरचं ते साल.

त्या साली, जनावरांचे हाल नकोत म्हणून, बैलगाडीत किती ऊस भरायचा याला सरकारनं हद्द घातली. कारखान्याच्या वाटेवर शिपाई जास्तीचा ऊस उतरवून घेऊ लागले. एका खेपेच्या दोन झाल्या. मग गाडीवाल्यांनी मुंबईच्या हायकोर्टात जायचं ठरवलं. सांगलीच्या चिंतामणराव वकिलांनी आठ जणांची प्रतिज्ञापत्रं लिहिली, 'एवढ्या ओझ्यानं बैलास कसलाही त्रास होत नाही.' पहिलं नाव बापूंचं.

"तू माळकरी, कीर्तनात टाळ धरणारा. तुझ्या सबदावर जज्ज डुलंल गड्या!" शेजारचा गाडीवान कृष्णात म्हणाला. बापूंनी सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी सांजेला खांदमळणी. उद्या बेंदूर, म्हणून वर्षभर जू वाहिलेला बैलाचा खांदा आज लोणी-हळदीनं मळायचा. बापूंची बायको रंगूबाई वाटी घेऊन उभी होती. बापूंचा हात पडला मात्र, जोडीतला सोन्या थरारला, मान ओढून घेतली. गळीत संपून तीन महिने झाले, तरी केसांखाली सुपारीएवढी गाठ.

"आवं, तरास न्हाई म्हनून लिवून दिलंसा न्हवं?" रंगूबाई म्हणाली. "मग ह्यो कुणाला भितोय?"

बापूंना सप्त्यातले बुवा आठवले. टाळ थांबवून ते म्हणाले होते, "बाबांनो, मुक्याची साक्ष देव आधी घेतो."

बेंदरादिवशी बैलाचा धनी शीव ओलांडत नाही. बापू मात्र पहिल्या एस.टी.नं सांगलीला.

"माजं नाव काडा, वकीलसायेब."

"अहो, तुमच्यावाचून अर्ज अडणार नाही. पण मग तुम्हाला गाडी हलकीच हाकावी लागेल, खेपा वाढतील, परवडेल का?"

"खेपा मी मारीन. खोटं सोन्याच्या खांद्यावर नगं."

परतले तेव्हा बैल वेशीत मिरवत होते. नाव काढून आल्याचं बापूंनी सांगितलं, तसा कृष्णात सगळ्यांदेखत ओरडला, "आता सोन्याला गाडीत बसव बापू, आन् तू जू घे!" सगळे हसले. बापूही हसले आणि सोन्याच्या शिंगाला गोंडा बांधू लागले.

त्या अर्जाचं मुंबईत काय झालं, बापूंनी कधी विचारलं नाही. पुढच्या हंगामात त्यांची गाडी हलकी असायची, आणि कारखान्यावर सगळ्यांत शेवटी पोचायची. रिकाम्या परतीला बापू अभंग म्हणत, सोन्या त्या ठेक्यावर पाय टाकी.

पुढल्या खांदमळणीला हात पडला, तेव्हा सोन्यानं मान ओढली नाही. उलट खांदाच पुढं केला.