मुठीतला गूळ

जामखेडच्या पलीकडे एका माळावर दर गुरुवारी अमृतबाबाचा दरबार भरतो. टेम्पो भरभरून माणसं येतात. त्या गुरुवारी गर्दीसमोर एकोणीस वर्षांची मोनिका उभी होती. बाबाने तिच्या मुठीत गुळाचा खडा दिला, डोळे मिटून नामस्मरण करायला लावलं आणि मग तो खडा खायला सांगितला.

"शुगर म्हंजे काय? शरीराला लागलेला गोड शाप!" बाबा माईकवर गरजला. "गोडानं लागला, गोडानंच उतरवतो. डॉक्टर टोचतो ते इख हाय, इख!"

शिष्याने तिच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब मशीनवर घेतला. चारशे चाळीस! बाबाने तिचा हात तांब्याच्या घंगाळात बुडवला, काहीबाही पुटपुटला, पंचाने कोरडा केला. पुन्हा सुई, पुन्हा थेंब. एकशे तीस! टाळ्यांनी माळ दणाणला. मोनिकाचं इन्सुलिन त्याच दिवशी बंद झालं.

मी नगरच्या एका रुग्णालयात मेडिसिन विभागात डॉक्टर आहे. आमच्या कामाला माईक लागत नाही. गावच्या डॉक्टरला आजाराचा उलगडा झाला नाही की पेशंट आमच्याकडे येतो. आम्ही निदान करतो, औषध बसवतो आणि पेशंट परत त्याच डॉक्टरच्या हाती सोपवतो. मोनिकाला डॉ. उझ्मा शेख यांनी असंच पाठवलं होतं. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, हे आम्ही शोधलं. पुढची देखभाल उझ्मा करत होत्या. पोरगी छान कॉलेजला जात होती. त्यात हा भामटा कडमडला.

एका दुपारी उझ्मांचा फोन आला. "सर, मोनिकाला पाठवतेय. श्वास जोरजोरात चाललाय, धड बोलत नाही. सलाईन लावलंय. कालच पाठवणार होते, पण घरच्यांनी तिला आधी बाबाकडे नेलं."

माझं डोकं सणकलं. मोनिका आली ती बेशुद्धच. तिला अतिदक्षता विभागात घेऊन शिरेतून इन्सुलिन सुरू केलं आणि बाहेर येऊन तिच्या वडिलांवर, मच्छिंद्ररावांवर, मी सरळ ओरडलो.

"इन्सुलिन कुणाला विचारून बंद केलं?"

"सर, मानूस खोटं बोलंल, मशीन कसं बोलंल?" त्यांनी मोबाईलवर दरबाराचा व्हिडिओ दाखवला.

मी तो पाहिला. पुन्हा पाहिला. मग मोनिकाच्या आईकडे, रतनबाईंकडे वळलो. "प्रसादाचा गूळ आहे का?" त्यांच्या पिशवीत होता.

"मच्छिंद्रराव, तुम्हाला शुगर आहे?"

"न्हाई बा."

"मग हा खडा मुठीत घट्ट धरा."

थोड्या वेळाने त्यांची चिकट बोटं न पुसता मी सुई टोचली. आकडा चारशेच्या वर गेला. गडी पांढराफटक पडला. "मला बी झाली?"

"बेसिनवर जा. साबणाने हात धुऊन, कोरडे करून या."

या वेळी आकडा आला एकशे चार.

"मशीनने बोटावरचा गूळ मोजला," मी म्हणालो. "घंगाळात तो धुतला गेला. खाली राहिली मोनिकाची खरी शुगर, ती आटोक्यात होती इन्सुलिनमुळे! आणि त्या हरामखोराने तेच बंद करायला लावलं."

रतनबाईंनी गुळाची पिशवी भिरकावून दिली. "माज्या हातानं म्या तिची इंजेक्शनं उकिरड्यावर टाकली वो!"

मोनिका वाचली. उझ्मांनी गावातच सलाईन लावलं नसतं, तर वाचली नसती.

पुढच्या गुरुवारी मच्छिंद्रराव मशीन घेऊन दरबारात उभे राहिले. मी आणि उझ्मा सोबत होतो. हाच प्रयोग त्यांनी स्वतःच्या बोटावर, साध्या नळाच्या पाण्याने करून दाखवला. माळावर कुजबुज सुरू झाली. बाबा मात्र किंचाळला, "तुज्या पोरीची श्रद्धा कमी पडली!"

"श्रद्धा लई हुती, म्हनून तर मरायला टेकली," मच्छिंद्रराव म्हणाले. "कमी पडलं ते इन्सुलिन!"

लोकहो, शंका आली तर आपल्या डॉक्टरला विचारा. त्याला उत्तर सापडलं नाही तर तो आमच्याकडे पाठवेल. त्यात त्याला कमीपणा नाही. पण कुणा बुवाच्या शब्दावर चालू औषध तोडू नका. आणि चमत्कार दिसला की आधी प्रश्न विचारा. 'बाबा, पहिल्यांदा टोचण्याआधी हात का नाही धुतला?' एवढं विचारायला शेकडो माणसांत एकही तोंड उघडलं नाही, म्हणून एक पोर मरता मरता राहिली.