चेरीच्या पुढचा लाल

रॉकेलचा एक थेंब मी सायकलच्या फ्रेमच्या जोडावर टोकाशी सोडला आणि बघत बसले. पितळेचा डाख सांध्यात नीट उतरला असेल तर रॉकेलला आत शिरायला वाटच नसते, ते वरच चमकत राहतं. हा थेंब तहानलेल्या मातीत जिरावा तसा बघता बघता नाहीसा झाला. दुसरा सोडला. तोही गेला.

मी कानस खाली ठेवली.

"काय झालं गं?" ओत्तोरीनोनं पाठमोऱ्यानंच विचारलं. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाला माझं बोलणं कधी ऐकू आलं नाही, पण माझी कानस थांबली की पुढच्या खोलीतूनही कळतं.

"काही नाही. पाठीत उसण भरली."

"तीन दिवस बहिणीकडे आयतं बसून खाल्लंस, भरणारच."

"तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. मी काय लग्नाला गेले होते?"

तो हसला. मला हसू आलं नाही.

आमच्याकडे कामाची वाटणी सरळ आहे. पोलादाच्या पातळ नळ्या पोकळ जोडांत बसवायच्या, टाकणखार लावायचा, गॅसच्या ज्योतीवर तापवून सांध्यात पितळ उतरवायचं, हे त्याचं काम. मग त्या जोडांच्या कडा कानशीनं इतक्या पातळ करायच्या, की नळी कुठे संपली आणि जोड कुठे लागला हे बोटाला कळू नये, हे माझं. माझ्या कडा तमालपत्रासारख्या असतात. लोक दूरदूरच्या देशांतून येतात, फ्रेमवरून हात फिरवतात आणि त्याला "उस्ताद" म्हणतात. मला कॉफी मागतात. एके काळी आमच्या फ्रेम शर्यती जिंकायच्या, पण त्यांच्यावर नाव मोठ्या कंपनीचं असायचं. फोटोत जिंकलेला पोरगा हात वर करून उभा असायचा आणि मी वर्तमानपत्रात त्याचा चेहरा सोडून सायकलीच्या कडा शोधायची. मी पाचवीपर्यंतच शिकले, पण माझी कानस मी कुठेही वाचू शकते.

पितळ द्यायची वेळ रंगावरून ठरते. पोलाद आधी काळपट लाल होतं, मग पिकल्या चेरीसारखं. चेरीच्या थोडं पुढे गेलं, जर्दाळूच्या रंगाकडे झुकलं, की पितळ टेकवायचं. ते पाण्यासारखं आत ओढलं जातं. आधी टेकवलं तर नुसतं काठावर बसतं. वरून सोन्यासारखं दिसतं, आतून कोरडं.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी ओत्तोरीनोनं किटलीतली कॉफी कप चुकून बाजूच्या बशीत ओतली. शहरातल्या डॉक्टरकडे एकटाच गेला आणि आल्यावर म्हणाला, "चष्म्याचा नंबर वाढलाय." डॉक्टरची चिठ्ठी त्याच्या कोटात सापडली, ती मी अक्षर अक्षर लावून वाचली. डोळ्याच्या मागचा पडदाच मधोमध झिजत चालला होता आणि त्याला औषध नव्हतं. मी चिठ्ठी होती तशी घडी करून परत ठेवली. त्या दिवसापासून त्यानं ज्योत पेटवली की मी काहीतरी निमित्त काढून शेजारी जाते, आणि रंग चेरीच्या पुढे गेला की खोकते. तो पितळ टेकवतो. याबद्दल आम्ही चकार शब्द काढलेला नाही.

आणि मी बेल्लूनो गावी बहिणीकडे असताना या शहाण्यानं एकट्यानं ज्योत पेटवली होती.

फ्रेम दोरियानोची होती. दोरियानो शेजारच्या गावातला गवंडी. बांधकामाच्या परांचीवरून पडल्यापासून त्याची कंबर वाकत नाही, कारखान्यातली एकही सायकल त्याला सोसत नाही. ओत्तोरीनोनं त्याचे हात, मांड्या, खांदे मापून त्याच्या मोडक्या पाठीला फ्रेम बेतली होती. येत्या रविवारी तो ग्राप्पा डोंगर चढणार होता. चढण्याची मला काळजी नव्हती. पण जो चढतो तो उतरतो, आणि हँडलच्या नळीखालचा तो जोड उतारावरच सुटला असता.

जेवताना मी पोलेंताची, मक्याच्या घट्ट कण्यांची थाळी त्याच्यापुढे ठेवली आणि बोलून टाकलं.

"हँडलखालचा जोड कोरडा आहे."

"तुझी कानस घसरली असेल."

"माझी कानस कधी घसरली आहे?"

"मग रॉकेल जुनं असेल."

"ओत्तोरीनो, रॉकेल जुनं नाही. आपण जुने आहोत."

त्याचा चमचा थांबला. "माझ्या हातचा जोड?"

"तुझ्याच. मी घरात नव्हते तेव्हाचा."

"तुझा काय संबंध?"

"तीन वर्षं मला खोकला झालाय, असं वाटतं का तुला?"

बोलले आणि जीभ चावली. पण जीभ चावून शब्द परत येत नाहीत. त्याची मान खाली गेली.  मग उठून कार्यशाळेत गेला. मागोमाग करवतीचा आवाज आला.

मी धावले. फ्रेम शेगड्याच्या जबड्यात आवळून तो हँडलची नळी कापत होता.

"अरे, धरू का?"

"नको. मी बिघडवली, मीच कापतो."

तेवढ्यात दोरियानो दारात. रंगाच्या आधी फ्रेम बघायला म्हणून आला होता, नवा सदरा घालून.

"उस्ताद, ही माझी?"

"होती."

नळी तुटली. ओत्तोरीनोनं कापलेली बाजू डोळ्यांजवळ नेली, मग डोळ्यांचा नाद सोडून अंगठा आत फिरवला. पितळ असतं तर अंगठा घसरला असता. "कोरडं," तो म्हणाला.

"अहो, रंगाखाली कुणाला दिसणार होतं?" बिचारा दोरियानो त्याला सावरायला बघत होता.

"तुला दिसलं असतं. उतारावर."

दोरियानोचा चेहरा उतरला. तो माझ्याकडे वळला. "काकी, म्हणजे आता सायकल नाहीच का?"

 माझं लक्ष ओत्तोरीनोच्या हाताकडे होतं. तो कमरेचा चामडी एप्रन सोडत होता, आणि एप्रन एकदा खुंटीवर गेला की परत उतरणार नाही, हे मला ठाऊक होतं. गाठ सुटली. तो तसाच उभा राहिला, एक हात गाठीवर.

"फळीवर नळ्यांचा एक संच आहे," तो म्हणाला. "शेवटचा. त्याच्यानंतर काही नाही." आणि त्यानं गाठ पुन्हा मारली.

चार दिवस मापं, कापाकापी चालली. हँडलच्या जोडाच्या दिवशी दोरियानो काम बुडवून आला आणि कोपऱ्यातल्या तिपाईवर बसला. ओत्तोरीनोनं ज्योत पेटवली. मी सवयीनं तेलाची बाटली पुसायचं निमित्त करून शेजारी गेले.

"बाटली ठेव," तो म्हणाला. परक्या माणसादेखत, मोठ्यानं. "जवळ ये, आणि खोकू नकोस. सांग मला."

पोलाद काळपट लाल झालं. मग चेरी. मग चेरीच्या पुढे.

उभ्या गावाला सरळ करणारी मी बाई. माझ्या तोंडून एक शब्द फुटेना.

मी खोकले. त्यानं पितळ टेकवलं.