अंग भरू दे

पोलादपूरहून आलेली वडापची जीप वाडीच्या चढाखाली थांबली. तिच्यातून सून उतरली, दोन पिशव्या उतरल्या, आणि मागून कोणीतरी एक किडकिडीत माणूस उतरला. चंद्रभागा पडवीत उभी राहून बघत होती. तिला वाटलं, जीपवाल्याचा माणूस असेल, सामान वर पोचवायला आला असेल. ती आपला लेक उतरायची वाट बघत राहिली. जीप वळून निघून गेली तरी बाई वाटच बघतेय!

तो किडकिडीत माणूस अंगणात आला, वाकून पायाला हात लावला आणि म्हणाला, "आये, बरी हायस ना गो?"

आवाज सुशांतचा होता. म्हणजे हाच तिचा लेक!

वर्षापूर्वी, मागच्या मे महिन्यात, हाच लेक इथून गेला तेव्हा कसा गरगरीत होता. चढ चढताना धापा टाकायचा, तीनदा बसायचा, पण काय तेज होतं म्हणता! गालावर गाल. मग गणपतीला रजा मिळाली नाही, शिमग्याला कळंबोलीच्या गोदामात मालाची मोजणी निघाली, असं करत वर्ष गेलं. फोनवर दिसायचा, नाही असं नाही. पण फोनमध्ये काय, सगळीच माणसं वीतभर दिसतात. सून, सारिका, एकदा म्हणाली होती खरी, "आत्या, ह्यांनी वजन कमी केलंय." चंद्रभागेला वाटलं, केलं असेल दोन-चार किलो. मुंबईकडच्या लोकांना कसलं ना कसलं खूळ असतंच.

आणि हे समोर काय उभं होतं? गळ्याची हाडं दिसत होती. सदरा खुंटीला लटकावल्यासारखा लटकत होता.

"काय झाला रे तुला?" तिनं विचारलं.

"कुठं काय? मुद्दाम उतरवलाय वजन. एकवीस किलो! तब्येतीसाठी चांगला असतो."

एवढं बोलून तो हसला. पण हसताना सारिकाकडे बघितलं त्यानं, आणि सारिकेनं नजर चुकवली. बस, तेवढं पुरे झालं. आईच्या डोळ्याला काय चष्मा लागतो? पोरं काहीतरी लपवतायत, हे तिनं तिथल्या तिथे ताडलं.

कारण असं सुकणं तिनं एकदा बघितलं होतं. तिचा नवरा, चांगू, अस्साच सुकला होता. दोन पोती एका दमात उचलणारा गडी, आणि वर्षाच्या आत लाकूड झाला. सुशांत तेव्हा शाळेत होता. कोणी म्हणे बाहेरचं लागलंय, कोणी म्हणे काविळीचा अंश आहे. महाडला न्यायचं, न्यायचं म्हणता म्हणता चांगू गेला. तेव्हापासून चंद्रभागेच्या लेखी बारीक माणूस म्हणजे जाणारा माणूस. दुसरा अर्थच नाही.

दुपारी ताट वाढलं. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, वर फणसाची भाजी, आणि हापूस कापून ठेवलेला. सुशांतनं एक भाकरी घेतली, भाजी घेतली, आंब्याची एक फोड उचलली आणि हात धुवायला उठला.

"अरे, बसलास कधी आणि उठलास कधी!"

"झाला आये. पोट भरला."

"चिमणीचं पोट हाय का तुझं?"

"आये, डॉक्टर बोल्लेत, उतरवण्यापेक्षा टिकवायचं काम मोठं. आता जरा ढिलाई केली की सगळा परत चढतो. म्हणून मापात खायचं."

आता डॉक्टर कशाला लागला बाबा, काही झालं नसेल तर? चंद्रभागेनं काही विचारलं नाही. तिला उत्तराचीच भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती टेकडीवर काळकाईच्या देवळात गेली. भिकू गुरव झाडलोट करत होता. त्याला म्हणाली, "गाऱ्हाणं घाल. माझ्या लेकाचं अंग पहिल्यासारखं भरू दे. भरलं की त्याच्या भाराइतक्या गुळाची तुला करीन."

"पहिल्यासारखं म्हंजे मागल्या वर्षी होता तेवढा?" भिकूनं डोळे मोठे केले. "गो बाय, बैलगाडी लागंल गुळाला!"

"लागू दे. तू घाल गाऱ्हाणं."

भिकूनं खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. चंद्रभागेनं देवीपुढे डोकं टेकलं आणि तिला जरा हुशारी वाटली. पण नुसतं देवीवर टाकून गप्प बसणारी बाई ती नव्हेच. देवीला हातभार नको का लावायला?

त्या दिवसापासून चुलीपाशी गुपचूप कारभार सुरू झाला. सुशांतला एकच भाकरी हवी ना? घे की एकच. पण नाचणीचं पीठ पाण्याऐवजी सायीच्या दुधात मळलं जाऊ लागलं, आणि त्यात पळीभर तूप. कुळथाच्या पिठीत नारळाचं घट्ट दूध. डाळीत लोण्याचा गोळा. भाजीत शेंगदाण्याचं कूट, मूठ मूठ. सारिका चुलीकडे फिरकली की चंद्रभागा म्हणायची, "तू बस गो, वर्षभर राबतेस तिथं." सारिका बिचारी खूश, अशी सासू कोणाला मिळते!

"आये, तुझ्या हातची भाकरी कसली मऊ होते गो," सुशांत म्हणायचा.

"नाचणी नवीन हाय," चंद्रभागा म्हणायची, आणि तोंड फिरवून गालातल्या गालात हसायची.

सुशांतनं मुंबईहून एक काचेचा चपटा वजनकाटा आणला होता. सुट्टीतसुद्धा काटा! आठवडा झाल्यावर सकाळी तो त्यावर उभा राहिला, आणि त्याचा चेहरा उतरला. खाली उतरला, काटा उचलून दुसऱ्या जागी ठेवला, परत चढला.

"काय सांगतोय?" चंद्रभागेनं पडवीतून विचारलं.

"दोन किलो वाढला," तो म्हणाला. "खाल्ला तर काय नाय मी."

चंद्रभागेनं आत जाऊन भिंतीला पाठ टेकली आणि हात जोडले. पावलीस गो माझे आई! तूप आपल्याच हातचं होतं हे ती विसरली असं नाही, पण अंगी लावायला देवी लागतेच की.

इकडे सुशांत घाबरला. त्यानं भाकरी अर्धी केली. आंब्याची फोड बंद केली. सकाळी उठून आडवाटेनं हायवेपर्यंत चालत जाऊन यायला लागला. चंद्रभागेनं ते बघितलं आणि अर्ध्या भाकरीत अख्खीचं तूप घातलं. मग त्यानं रात्रीचं जेवण सोडलं. तिनं दुपारच्या आमटीत लोणी दुप्पट केलं. लेक काढतोय, आई घालतेय. दोघांचाही जीव एकमेकांवर, आणि दोघंही हट्टाला पेटलेली. ह्याला काय म्हणावं!

आणखी चार-पाच दिवसांनी तो काट्यावरून उतरला तो तिथेच जमिनीवर बसला. काटा आणखी वर गेला होता. सारिकेनं पाठीवर हात ठेवला तर तिचा हात बाजूला केला. दुपारी पानं वाढली तेव्हा म्हणाला, "मी जेवत नाय."

"बस रे, दोन घास खा," चंद्रभागा म्हणाली.

"नको बोल्लो ना."

"अरे, तुझ्यासाठी पिठी केलीय..."

"नको, नको, नको!" तो ओरडला. वर्षानुवर्षं आईपुढे आवाज न चढवलेला पोरगा, पण ओरडला.

मग मात्र चंद्रभागेचा तोल गेला. हातातली पळी तिनं चुलीपाशी आपटली. "मरायचं हाय का तुला? बापासारखं सुकून मरायचं हाय? एक पाठवला मी तसा, आता तुला पण पाठवू?"

"तसं मरायचं नाय म्हणूनच करतोय ना आये!"

सारिकेनं पदर तोंडाला लावला. सुशांत उठला, चुलीपाशी येऊन आईच्या समोर उकिडवा बसला. त्याचा आवाज आता खाली आला होता.

"माझी शुगर निघाली आये. साखरेचा आजार. कंपनीच्या तपासणीत कळला. तुला घोर नको म्हणून सांगितला नाय. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला होती का? मी बोल्लो, नाय. मग त्यांनी विचारलं, बाबा कशानं गेले? मी सांगायला लागलो. रात्रीचे उठून तांब्या तांब्या पाणी प्यायचे. पायाची जखम भरत नव्हती. खायचे आणि तरी सुकत होते. सांगता सांगताच मला कळलं आये. बाबांना तीच होती."

चंद्रभागेनं आपटलेली पळी उचलून बाजूला ठेवली.

"वजन उतरवला तशी माझी साखर खाली आली. गोळी अर्धी झाली. पण वजन परत चढला की साखरही चढणार. म्हणून भितो गो मी. काट्याला भितो. भूक लागली तरी भितो."

चंद्रभागेला हे ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. तिच्या डोळ्यापुढे चांगू बसला होता, पडवीत, गुडघे छातीशी घेऊन. सुकत चालला म्हणून तिनं त्याला गुळाचे लाडू करून घातले होते. तुपात भिजवलेले, रोज सकाळी, रोज संध्याकाळी. शेजारणीकडून गूळ आणून.

"मी त्यांना गूळ देत होते," ती म्हणाली. "लाडू करून देत होते रे. बारीक झाले म्हणून. तेच मागायचे. गोड दे गो, म्हणायचे. मी देत होते."

"आये..."

"मीच घातला त्यांना. माझ्या हातानं."

सुशांतनं तिचे दोन्ही हात धरले. पीठ लागलेले, चुलीच्या राखेनं भरलेले. "तुला काय माहीत होता? इथं कोणाला माहीत होता? तुझ्याकडं होता ते तू दिलास. त्यांनी शेवटचं काय खाल्लं असेल तर तुझ्या हातचं गोड खाल्लं. ते उपाशी नाय गेले आये."

तेव्हा ती रडली. नवरा गेला तेव्हा पोराकडे बघून रडायचं राहून गेलं होतं, ते सगळं रडली. सारिका येऊन तिला बिलगली. बऱ्याच वेळानं चंद्रभागेनं नाक पुसलं आणि पोराकडे न बघता म्हणाली, "तुझ्या भाकरीत पण मीच तूप घालते. आणि पिठीत नारळाचं दूध. आणि डाळीत लोणी."

सुशांत बघतच राहिला. "कधीपासनं?"

"दुसऱ्या दिवसापासनं."

"म्हंजे काटा बरोबर हाय!" तो म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर तो खो खो हसायला लागला. "सारिका, ऐकलंस? मी त्या काट्याला शिव्या देत होतो! वेडा झालो होतो गो आये, एक घास खातोय आणि अंग वाढतंय!" सारिकाही हसली, आणि चंद्रभागेला आपण हसावं की रडावं हे कळेना.

ऊन कलल्यावर ती टेकडी चढून गेली. भिकू गुरव देवळाच्या ओट्यावर लवंडला होता.

"उठ रे. नवस बदलायचा हाय."

"बोललेला नवस मागं घेता येत नाय," भिकू उठून बसत म्हणाला.

"मागं कोण घेतंय? दुरुस्त करते. तू गप बस, मीच सांगते तिला." आणि ती सरळ देवीपुढे जाऊन उभी राहिली. "बाय माझे, मागणं चुकलं माझं. अंग भरू दे बोलले, ते नको. हाय तसा ठेव. बारीक तर बारीक, पण ठेव. गुळाचं नाव काढलं तेही चुकलं. नाचणी घालीन त्याच्या भाराइतकी. आणि भार वाढवू नकोस गो, माझ्या डोंगरातल्या वरकस जमिनीत तेवढी नाचणी पिकत नाय."

भिकूनं कपाळावर हात मारला. पण अंगारा मुकाट्यानं दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुशांत पानावर बसला. नाचणीची भाकरी होती, नुसत्या पाण्यात मळलेली, जरा चिरलेली. माठाची भाजी, पातळ पिठी, कांदा. चंद्रभागा भाकरीची टोपली घेऊन समोर बसली आणि तिचा हात हवेतच थांबला. जे विचारायचं होतं ते तिच्या जिभेवर येईना. नवऱ्याला, पोराला, पाहुण्याला, कोणालाही तिनं असं कधी विचारलं नव्हतं. वाढायचं असतं, विचारायचं काय त्यात?

"किती वाढू?" तिनं विचारलं.

सुशांतनं मान वर करून तिच्याकडे बघितलं. "एक."

तिनं एक वाढली. टोपलीवर फडकं टाकलं, हात मांडीवर ठेवले आणि ते तिथेच राहावेत म्हणून एकात एक गुंतवले. सुशांत सावकाश जेवत होता. एकेक घास चावून, भाजी पुरवून. भाकरी संपली. आता उठेल म्हणून चंद्रभागेनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. पण तो उठला नाही. रिकाम्या ताटाकडे बघत बसला होता.

"आये," तो हळूच म्हणाला, "अर्धी आणखी वाढ गो. भूक हाय अजून."

सारिकेनं चमकून नवऱ्याकडे बघितलं. वर्षभरात त्याच्या तोंडून हे वाक्य तिनं ऐकलं नव्हतं. चंद्रभागेनं फडकं बाजूला केलं, एक भाकरी उचलली आणि मधोमध मोडली. नाचणीची भाकरी कुठली सरळ मोडायला? एक तुकडा मोठा झाला, एक लहान. दोन हातांत दोन तुकडे घेऊन ती दोन्हीकडे बघत राहिली.

मग तिनं लहान तुकडा लेकाच्या ताटात ठेवला. मोठा आपल्या ताटात घेतला, आणि डोळे पदरानं पुसून त्याच्याबरोबर जेवायला बसली.