नऊ दिवसांचा बिघाड

काकूंनी कणीक तिसऱ्यांदा दुमडली, तेवढ्यात काकांनी त्यांच्या कोपरापाशी पडलेली कात्री उचलली, कागदाची एक पट्टी कापली आणि ती स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या टायमरखाली चिकटवली. पट्टीवर ठळक अक्षरांत छापलं होतं : स्वयंचलित नियंत्रण. दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून काकांनी ती न्याहाळली आणि परत जवळ जाऊन तिचा डावा कोपरा अंगठ्याने दाबला.

"सरळ आहे ना गं?"

"आहे," काकू मान वर न करता म्हणाल्या.

"अकराला येतायत परीक्षक. तेवढा तुझा पसारा आवर."

पसारा म्हणजे पिठाचा डबा, मिठाची वाटी, खमिराची बरणी आणि ओल्या फडक्याखालचं पातेलं. परीक्षक जे बघायला येणार होते ते सगळं खरं तर या पसाऱ्यातूनच निघत होतं, पण हे सांगणार कोणाला? काकूंनी फडकं पिळलं, जरा जास्तच पिळलं, आणि ओटा पुसून घेतला.

स्वच्छ ऊर्जेवर चालणाऱ्या घरांची स्पर्धा होती. शहरातल्या एका संस्थेने ठेवलेली. पहिल्या पाचांत यांचं घर आलं, तेव्हापासून काकांचे पाय जमिनीवर नव्हते. इमारतीत त्यांना लोक आधीपासून सूर्यकाका म्हणायचेच. आता ते स्वतःही तसं म्हणवून घ्यायला लागले होते. काल संध्याकाळी त्यांनी शेवटच्या फेरीचा सात पानांचा अर्ज काकूंना मोठ्याने वाचून दाखवला. मी अभ्यास केला. मी नियोजन केलं. मी घराची सवय बदलली. काकू भाजी निवडता निवडता मोजत होत्या. तिसऱ्या पानावर चौदावा 'मी' आला, तेव्हा त्यांनी सुरी खाली ठेवली.

"अहो, माझंही नाव घाला की त्यात."

"कशात?"

"अर्जात. घरातल्या विजेचं नियोजन कोण करतं, असं विचारलंय ना, तिथे."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं, आणि तेच काकूंना जास्त लागलं.

"अगं, रकाना एकच आहे," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुझ्या पावाचा फोटो घातलाय ना शेवटच्या पानावर."

काकूंनी सुरी पुन्हा उचलली. भाजीची देठं त्या संध्याकाळी फार बारीक चिरली गेली.

गच्चीवर सौरपॅनेलं बसली त्याला दोन वर्षं झाली. बसवणारा माणूस जाताना सांगून गेला होता की वीज दिवसा बनते, तर दिवसाच वापरा. सूर्य मावळल्यावर कमीत कमी काढा. सांगायला एक वाक्य. ते अमलात आणायला काकूंचं सगळं आयुष्य सहा तासांनी सरकलं. सकाळी उठून चहाच्या आधी गच्चीवर जाऊन आकाश बघायचं. दहाला कपडे मशीनमध्ये. शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीची सावली शेवटच्या पॅनेलवरून सव्वाअकराला उतरते, त्यामुळे ओव्हन त्यानंतर तापवायचा, आणि पाव साडेअकराला आत, त्याआधी नाही. पाव भाजून झाला की इस्त्री. दोन्ही एकदम लावली तर इन्व्हर्टर किंचाळतो. मग पाण्याचा पंप. चारनंतर दिवे, पंखे आणि फ्रीज सोडून काहीही नाही. ढगाळ दिवस असला तर कणीक फ्रीजमध्ये ठेवून तिला थोपवायची, आणि ढग हटला की लगेच बाहेर काढून ऊब द्यायची. पाव करणारी माणसं घड्याळ बघतात, काकू टाकीची सावली बघत. दोन वर्षांत त्यांनी दुपारी पाठ टेकली नव्हती. मैत्रिणींचा पत्त्यांचा डाव बाराला बसायचा, तो सुटला. "तुला काय तो पाव रात्री भाजता येत नाही?" असं मैत्रिणींनी विचारलं, तेव्हा त्यांना समजावता समजावता काकूंच्या नाकी नऊ आले होते.

आणि हे सगळं, काकांच्या मते, तो टायमर करत होता.

टायमर जुन्या गिझरचा, चावीवर चालणारा. गिझर केव्हाच काढून टाकला, टायमर भिंतीवर राहिला, आणि योगायोगाने इन्व्हर्टरची पेटी त्याच्या शेजारीच बसली. काका तेव्हा निवृत्त होऊन चार महिने झाले होते. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते दिवाणखान्यात नुसते बसून राहत, आणि ते काकूंना बघवत नसे. पॅनेलं बसवणाऱ्या माणसाने शेजारच्या पेटीबरोबर या टायमरचीही चकती फिरवून पाहिली, ती टिकटिक करायला लागली, आणि काकांना कचेरी सापडली. दर रविवारी टायमरला चावी देऊन, वर्तमानपत्रातली सूर्योदयाची वेळ बघून ते चकतीवरचे छोटे खिळे मागे-पुढे करत. नव्या यंत्रणेचा मेंदू तो हाच, अशी त्यांची पक्की समजूत झाली. पुढच्या महिन्यात ट्यूब बदलायला आलेल्या वायरमनने सहज टायमर उघडला आणि तो हसला. "काकू, याची वायर तर कापलेलीच आहे. हा नुसता टिकटिक करतो." काका फिरायला गेले होते. "राहू दे तसाच," काकू म्हणाल्या, "आणि त्यांना सांगू नकोस."

म्हणजे पांघरूण त्यांनीच घातलं होतं. त्या पांघरुणाखाली आपण स्वतःच झाकले जाऊ, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं नाही.

परीक्षक बाई अकराला पाच मिनिटं कमी असताना आल्या. पस्तिशीच्या असतील. बूट दाराशी काढून, मोज्यांनिशी आत आल्या आणि पाणीसुद्धा नको म्हणाल्या. काकांनी त्यांना आधी गच्चीवर नेलं. वरून त्यांचा आवाज जिन्यातून खाली येत होता, कोन, दिशा, धूळ, पुन्हा कोन. काकूंनी कणकेचे दोन गोळे वळून साच्यांत ठेवले. आज सावली वेळेवर सरकत होती. आकाश स्वच्छ होतं.

"ही आमची मिसेस," खाली आल्यावर काका म्हणाले. "पाव छान करते."

"नमस्कार काकू."

"नमस्कार."

"आणि हा आमचा हिरो," असं म्हणून काका टायमरकडे वळले. नव्या पट्टीवर त्यांनी बोट टेकवलं. "सगळा भार हा दिवसाकडे वळवतो. आपोआप. माणसाने काही करायचं नाही."

माणसाने काही करायचं नाही. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी ओव्हनचं बटण फिरवलं आणि तिथेच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

बाईंनी बॅगेतून कागदांचा गठ्ठा काढून ओट्यावर पसरला. वर्षभराचा आलेख होता, मीटरवरून काढलेला. रोज दुपारी एक डोंगर, संध्याकाळी सपाटी. असे शेकडो डोंगर, एकसारखे.

"फार सुंदर आहे हा आलेख," बाई म्हणाल्या. "मी चाळीस घरांचे आलेख पाहिले. इतकी शिस्त कुठेच नाही. म्हणूनच मला यायचं होतं."

काका मिशीतल्या मिशीत हसले.

"फक्त एक विचारायचंय. मागच्या थंडीत हे नऊ दिवस बघा. सगळं उलटं झालंय. दुपारी काही नाही, आणि संध्याकाळी सातला एकदम एवढा वापर. बॅटरी रोज रात्री रिकामी. मग दहाव्या दिवसापासून पुन्हा पहिल्यासारखं. काय झालं होतं?"

काकांना आठवायला वेळ लागला नाही.

"टायमर बिघडला होता! अहो, काय छळलंय त्याने. मी रोज बसून झटलो त्याच्याशी. खिळे काढले, पुसले, वंगण घातलं. आठ दिवस काही दाद देईना. शेवटी नवव्या दिवशी रात्री पूर्ण उलगडून परत बसवला, आणि दहाव्या दिवशी दुपारी बघतो तर गडी ताळ्यावर."

"म्हणजे यंत्रातला बिघाड," बाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. "कालावधी नऊ दिवस. दुरुस्ती घरच्या घरी."

पेनचा आवाज काकूंना स्पष्ट ऐकू येत होता. त्या वळल्या. हाताला पीठ तसंच होतं.

"टायमरला वायरच नाही," त्या म्हणाल्या.

"काय?" काका.

"वायर नाही त्याला. गिझर काढला तेव्हाच कापलीय. दोन वर्षं तो नुसता टिकटिक करतोय. उघडून बघा."

काका हसले. मग बाईंकडे बघून पुन्हा हसले, घरातल्या माणसाचं अज्ञान पाहुण्यांनी मनावर घेऊ नये म्हणून हसतात तसे. "अगं, मी स्वतः उलगडलाय तो."

"पुढून उलगडलात. मागे बघा."

परीक्षक बाईंनीच बॅगेतून पेचकस काढला. चार स्क्रू निघाले, टायमर भिंतीतून पुढे आला आणि त्याच्या मागे दोन बोटभर वायरी दिसल्या, टोकांना काळी चिकटपट्टी गुंडाळलेल्या. बाईंनी तो तसाच, हलकेच, परत जागेवर टेकवला. काकांचा हात आधार द्यायला पुढे झाला होता, तो मध्येच थांबला.

"मग हे डोंगर?" काकांनी कागदाकडे पाहत विचारलं. "आणि हे नऊ दिवस?"

"ते नऊ दिवस मी माहेरी होते. माझी आई गेली."

ओव्हन तापत होता, त्याची बारीक टकटक तेवढी येत होती.

"म्हणजे... ते तेव्हा होतं?" काका म्हणाले. "मी आलो होतो की."

"आला होतात. सकाळी आलात आणि संध्याकाळी परत गेलात, इकडे बॅटरी रिकामी होतेय म्हणून." काकूंचा आवाज चढला नव्हता, पण त्या थांबतही नव्हत्या. "आई गेली त्या पहाटे मी फोन केला. तुम्ही म्हणालात, अरेरे. आणि मग म्हणालात, तू कधी येतेस, इथे सगळं उलटंपालटं झालंय. मला वाटलं, माझ्यावाचून अडलंय म्हणताय. तेवढ्या एका वाक्यावर मी पुढचे दिवस काढले हो. दहाव्या दिवशी सकाळी घरी आले तर तुम्ही मला दारातच टायमर दाखवलात. बघ, म्हणालात, दुरुस्त केला."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?" काकांचा आवाज आता दुखावलेला होता. "दोन वर्षं! माझं हसं होऊ दिलंस?"

हे ऐकून काकूंना हसू आलं, आणि त्याच वेळी डोळे भरून आले, आणि त्या दोन्हींचाही त्यांना राग आला. त्यांनी मनगटाने नाक पुसलं. गालाला पीठ लागलं. हसं होऊ नये म्हणूनच तर सांगितलं नव्हतं. पण हे आता बोलून दाखवायची त्यांची इच्छाच मेली होती. काही गोष्टी माणसाला आपण होऊन कळल्या तरच त्यांना किंमत असते.

बाई आपल्या कागदाकडे बघत होत्या. परक्यांच्या घरात चुकीच्या वेळी उभं राहिल्याचा संकोच त्यांच्या खांद्यांत दिसत होता, पण त्या गेल्या नाहीत. त्यांनी लिहिलेल्या ओळीवर एक आडवी रेघ मारली.

"काकू," त्या म्हणाल्या, "मला इथे काहीतरी लिहावं लागेल. या नऊ दिवसांचं कारण काय लिहू?"

काकूंनी खिडकीतून वर पाहिलं. टाकीची सावली आखडून टाकीच्याच भिंतीशी जाऊन पोचली होती. साडेअकरा. त्यांनी साचे एकामागून एक ओव्हनमध्ये सरकवले, दार लावलं आणि पदराला हात पुसले.

"लिहा," त्या म्हणाल्या, "घरात कोणी नव्हतं."

"अगं, मी होतो की," काका म्हणाले. "मी होतो ना घरात. पूर्ण नऊ दिवस."

काकांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा काकूंच्या पाठीकडे, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायला म्हणून उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं.

परीक्षक बाईंनी काकूंनी सांगितलं तसंच लिहून घेतलं.