मास्तरांच्या मांडीचा संप

मोटार शिकवणाऱ्या मास्तरांचा गुडघा ऑपरेशनने दुरुस्त झाला, पण मांडीने संप पुकारला. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि वेळप्रसंगी आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा, यावरच मास्तरांचं पोट. आता ब्रेकच दाबता येईना. मांडी ताळ्यावर आल्याची सही महिनाअखेरपर्यंत मिळाली नाही, तर मोटार-शाळेचा मालक त्यांच्या जागी दुसरा माणूस घेणार होता.

फिजिओथेरपिस्ट पोरीने मांडीवर चिकटपट्ट्या लावल्या आणि वायरी मशीनला जोडल्या. "स्नायू आवळला की रेघ वर चढेल आणि मशीन वाजेल. हं, आवळा!"

मास्तरांनी दात आवळले, मुठी आवळल्या, भुवयासुद्धा आवळल्या. रेघ ढिम्म.

"अहो, मांडी! तोंड नव्हे," बायको म्हणाली. मग सहज विचारलं, "घरी जाताना गाडी मी चालवू का?"

मशीन किंचाळलं.

पोरीला औषध सापडलं. दुसऱ्या दिवसापासून मोकळ्या मैदानात शाळेची गाडी, स्टिअरिंगवर बायको, शेजारी वायरी लावलेले मास्तर आणि मागे मशीन मांडीवर घेऊन पोरगी. इतकी वर्षं मास्तरांनी गावभर शिकवलं, फक्त बायकोला "तुला नाही जमायचं" म्हणून टाळलं होतं. तिने पहिल्याच फेरीत गाडी कुंपणात घातली. रेघ पडद्याबाहेर गेली आणि पोरीने टाळ्या पिटल्या.

"आवळल्यावर कसं वाटतं ते लक्षात ठेवा, म्हणजे न घाबरताही जमेल," ती रोज सांगायची. मास्तर देवाचा धावा करण्यात गुंतलेले असायचे. मांडी मात्र टणक होत चालली.

आणि घात झाला. बायको शिकली! महिनाअखेरच्या तपासणीला तिने अशी काही वळणं घेतली की मास्तरांना चक्क जांभई आली. रेघ आडवी पडून राहिली.

"अशी सही नाही हो करता येणार," पोरगी म्हणाली.

मास्तर बायकोच्या कानाशी लागले. "अगं, एकदाच. जरा त्या भिंतीवर घाल ना."

बायकोने गाडी थांबवली. "आयुष्यात एक गोष्ट झकास जमायला लागली, तर तीही बिघडवून दाखवू? तुमच्या मांडीसाठी?" तिने किल्ली त्यांच्या हातात कोंबली आणि उतरून तरातरा चालू लागली.

मास्तरांना मनापासून लाज वाटली. "अगं, ऐक तरी!" म्हणत ते उतरले, काठी गाडीतच विसरले आणि लंगडत का होईना, तिच्यामागे पळत सुटले. वायरी ताणल्या गेल्या तशी पोरगीही मशीन पोटाशी धरून मागोमाग धावली. मशीन थांबायचं नाव घेईना.

"हेच, मास्तर! हेच लक्षात ठेवा! सही झालीच समजा!" ती ओरडत होती.

मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं. फाटकापाशी त्यांनी बायकोला गाठलं. धाप लागलेली, तरी किल्ली पुढे केली.

"चल, तूच चालव," ते म्हणाले. "मी मागे बसतो. तिथे ब्रेक नाही."