आधी खाच, मग रुंदी

बाबांनी काच कापायचा कटर दुकानात थोरल्या काकांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "दादा, आता माझा भरवसा नाही." मग घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. भरदुपारी. माझ्या बाबांना दुपारी निजलेलं मी तापातसुद्धा पाहिलं नव्हतं.

झालं होतं असं. एका वाचनालयाच्या खिडक्यांच्या काचा बाबांनी कापल्या, त्या भट्टीत कडक होऊन आल्या आणि चौकटीत बसेनात. प्रत्येक काच चार मिलिमीटरने जास्त. भट्टीतून आलेली काच पुन्हा कापता येत नाही, तिचा चुरा होतो. पण बाबांना मालाचं दुःख नव्हतं. आजोबा शेवटी आम्हाला ओळखेनासे झाले होते, आणि त्यांची सुरुवातही मापं चुकण्यापासूनच झाली होती. "माझी पाळी आली," बाबा आईला म्हणाले. आईने न जेवलेलं ताट तसंच उचललं.

मी फटकळ आहे, आणि ऐकून घ्यायच्या बाबतीत तर आनंदच आहे. सकाळी तडक दुकान गाठलं, काका गिऱ्हाइकाशी बोलत होते तोवर मी त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसले. बाबा हिशेब तिथल्या कॅल्क्युलेटरवरच करतात, त्यांच्या पद्धतीने. आधी खाच, मग रुंदी, मग भाग. चौकटीच्या खाचेत जाणारे मिलिमीटर आधी मांडले की विसरत नाहीत, असं ते म्हणतात. मी तेच केलं. सहा, अधिक अकराशे चौऱ्याण्णव, भागिले तीन, कारण एका खिडकीत तीन काचा. यायला हवे चारशे. आले चारशे चार.

कागदावर केलं, चारशे. म्हणजे बाबांनी बटणं बरोबर दाबली होती.

मग कॅल्क्युलेटरच्या वरच्या कडेला नजर गेली. तिथे 'सायंटिफिक' लिहिलं होतं. डावीकडे तीन आडव्या रेघा असतात, त्या दाबल्या की लपलेली यादी उघडते. काकांनीच मला मागे दाखवली होती. "अगं, एक गंमत सापडली आजच, बघ, इंचाचे मिलिमीटर होतात," म्हणत काय खूश झाले होते. मी यादीतला साधा कॅल्क्युलेटर लावला, तीच बटणं दाबली. चारशे. साधा कॅल्क्युलेटर जसं दाबाल तसं करत जातो, सायंटिफिक आधी भागाकार उरकून घेतो. गंमत बघून परत येताना काकांकडून साध्याच्या खालची ओळ दाबली गेली असणार.

बाबांना बोलावून घेतलं. आले ते शर्टाची बटणं वरखाली लावून. दोन्ही प्रकारे हिशेब करून पाहिला, पुन्हा केला. मग खुर्चीत मागे टेकले आणि त्यांचे डोळे भरून आले. "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे," म्हणाले. माझ्याही जिवात जीव आला आणि लगेच राग नाकावर आला.

"काका, इकडे या," मी म्हटलं. "हे तुम्ही बदललं होतंत ना? बाबांनी कटर ठेवला तेव्हा तोंडाला कुलूप का लावलंत?"

"मी? मी कशाला हात लावू? मला यातलं काय कळतं?" काका खरंच चकित झाले होते. मी आणखी तोंड सोडणार, तेवढ्यात ते पडद्याकडे वाकले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगं, एक गंमत सापडली आजच," त्यांनी त्या तीन रेघा दाबल्या. "बघ, इंचाचे मिलिमीटर होतात."

तेच शब्द. तेच हसू. मी बाबांकडे पाहिलं, त्यांना कळलं होतं. आत्ता उजळलेला त्यांचा चेहरा बघता बघता उतरला.

"काय गं, तू मघाशी काय म्हणत होतीस? काचांचं काय झालं होतं?" काकांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. बाबांनी टेबलाखाली माझा हात घट्ट दाबला.

"काही नाही दादा," ते म्हणाले. "माप माझंच चुकलं होतं." मग टेबलावरचा कटर उचलून त्यांनी खिशात घातला आणि स्टूल ओढून काकांना खेटून बसले. "ती गंमत मलाही दाखव ना. मला नाही माहीत."

काकांनी पहिल्यापासून दाखवायला सुरुवात केली.