रोयणीची ऊब

मी एक जुनी रोयण आहे, मित्रांनो. वारूळ म्हटलंत तरी मी रागावणार नाही, पण मुंग्यांचं घर तेवढं म्हणू नका. माझ्या पोटात राहायची ती वाळवी. तिला कुणी पांढरी मुंगी म्हणतं, पण मुंगीशी तिचं काही नातं नाही. तिचं खरं गोत झुरळांचं. हे ऐकून तुम्ही नाक मुरडाल, म्हणून आधीच सांगून टाकलं.

डिचोली तालुक्यात सुर्ल्याच्या वरच्या अंगाला, खाणीच्या अलीकडे, एक उतार आहे. तिथल्या किंदळीच्या झाडाखाली माझा जन्म झाला. पंख गळून पडलेली एक नर-मादीची जोडी ओल्या जमिनीत शिरली. तीच पुढे आमचे राजा-राणी. राणी बोटाएवढी जाड झाली आणि जागची हलेनाशी झाली. तिची अंधारात राहणारी, आंधळी लेकरं तोंडातल्या ओलाव्यानं मातीचा कण कणाला चिकटवत राहिली. अशी मी उंच झाले. दोन माणसांनी कवेत घ्यावं एवढा माझा घेर झाला. मला डोळे नाहीत. कोण आलं, कोण गेलं, ते मला पावलांवरून कळे.

माझ्या पोटात बाग होती, हे तुम्हाला ठाऊक नसेल. लेकरं पडलेली पानं आणि मेलेलं लाकूड कुरतडून आणत, त्याचा लगदा रचत आणि त्यावर बुरशी पिकवत. तीच त्यांची शेती, तोच त्यांचा घास. एवढा संसार बंद घरात चालायचा म्हणजे हवा हवी. म्हणून माझ्या डोक्यावर धुराडी होती. त्यांतून आतली ऊब बाहेर पडायची. श्रावणात बागेतून लांब देठाची पांढरी अळमी, म्हणजे अळंबी, वर यायची. रोयणीच्या अळम्यांसाठी गोव्यातला माणूस काय वाटेल ते करील, असं म्हणतात. मला ते खोटं वाटत नाही.

ती खुडायला वत्सला येई. ती आणि तिचा नवरा महादेव सिंधुदुर्गातून, दोडामार्गाकडून, पोट भरायला आलेली माणसं. महादेव खाणीच्या टिपर ट्रकवर कामाला होता. वत्सला पावसात शेतावर जाई आणि एरवी मिळेल ते काम करी. पहाटे ती अनवाणी यायची. अळम्यांना हात लावण्याआधी तळवा माझ्या धुराड्यावर धरायची आणि म्हणायची, "बाय, जागी हस मा गो?" उबेचा श्वास तळव्याला लागला की हसायची. उमललेली अळमी सागाच्या पानात बांधून डिचोलीच्या बाजारात न्यायची. कळ्या मात्र ठेवायची. "ह्यो तुझो वाटो," असं मला बजावून जायची. तिच्याइतकं माझ्याशी कुणी बोललं नाही.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, त्या वर्षाची ही गोष्ट. त्याआधी बरेच दिवस माणसं भाषेवरून भांडत होती. मला त्यातलं फार कळलं नाही. माझ्यापाशी येणारे गाऱ्हाणं मराठीत घालत आणि पायात काटा मोडला की कोंकणीत ओरडत. दोन्ही मला सारखंच ऐकू येई.

त्याच उन्हाळ्यात खाणीचा रस्ता रुंद करायचा ठरला आणि नेमकी मी वाटेत आले. महादेवानं ती बातमी घरी नेली असणार, कारण दुसऱ्या दिवशी उजाडताच वत्सला धावत आली. तिनं मला कुंकू लावलं, अबोलीचा वळेसर घातला, पुढ्यात नारळ ठेवला आणि मला पाठ लावून बसली. तिची छाती धडधडत होती. ती धडधड माझ्या भिंतीतून थेट आत पोचत होती.

मग जमीन हादरली. मशीन आलं. ते चालवणारा बाबली तिथलाच. मशीन माझ्यापासून हाकेवर येऊन थांबलं.

"गो, उठ थंयसून!" तो ओरडला.

"खय उठू?" वत्सला म्हणाली. "ही सांतेर आसा. आमच्या गावाकडे रोयण म्हंजेच देवी. तुमच्याकडे वेगळा आसा काय?"

वेगळं नव्हतंच. ह्या मुलखात रोयणीला सांतेर, म्हणजे भूमिदेवी, मानून हात जोडणारी माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत. बाबली खाली उतरला. त्यानं चपला काढल्या, ते मला त्याच्या पावलांवरून कळलं.

"म्हाका नाका रे बाबा हें पाप," तो म्हणाला आणि मशीन मागं घेऊन गेला.

रस्ता मला वळसा घालून गेला. मित्रांनो, त्या दिवशी मी वाचले. त्या श्रावणात माझ्या अंगावर एवढी अळमी आली की वत्सलेला एका फेरीत नेता येईनात. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा महिना. तो शेवटचा ठरेल, असं मला वाटलं नव्हतं.

आता गावाचं लक्ष माझ्याकडे गेलं. गोकुळदास म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते. मनानं चांगले, शब्दाला मान असलेले. पाऊस सरल्यावर ते चार माणसं घेऊन आले.

"सांतेरमाय पावसांत भिजता आनी आमी कौलांसकयल न्हिदतात," ते कळवळून म्हणाले. "हें बरें दिसता?"

कुणालाच बरं दिसेना. घुमटी उभी राहिली. भोवतीची माती खणून सिमेंट घातलं, वर गुळगुळीत फरशी बसवली. किंदळीचा पाला पडून कचरा होतो म्हणून फांद्या तोडल्या. माझं अंग खडबडीत दिसतं म्हणून त्यावर गिलावा चढवला. धुराडी बुजली. वत्सलेनं त्या सिमेंटच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या, मजुरी न घेता. दर खेपेला ती माझ्यापुढे वाकायची. तिचा जीव आनंदानं भरून आला होता, आणि माझा आत गुदमरत होता. तिला हाक मारायला मला तोंड नव्हतं.

लेकरं तरीही हटली नाहीत. गिलाव्याला बारीक चिरा पाडून त्यांनी हवेला वाट केली. पण खायला काय? पाला नाही, सुकी काटकी नाही. फरशीखालून वाट काढत ती घुमटीच्या दाराशी पोचली. तिथं आंब्याच्या लाकडाची नवी चौकट होती. भुकेला कोंडा म्हणतात, त्यांनी चौकट खाल्ली.

एके सकाळी गोकुळदासांनी हात टेकला आणि चौकटीचा भुगा झाला. "देवीच्या दाराक वाळवी!" ते हळहळले. देवी म्हणजे तीच वाळवी, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांना दोष तरी कसा देऊ? माझ्यासाठीच तर ते तळमळत होते.

औषधवाला आला. फरशीला भोकं पाडू लागला. वत्सला झाडलोट करत होती. तिचा झाडू थांबला.

"औषद खय घालतास?" तिनं विचारलं.

"देवीक न्हय गो, दाराक," गोकुळदास म्हणाले.

तिनं मान डोलावली आणि पुन्हा झाडू लागली. पण मित्रांनो, जमिनीला देवीची बाजू आणि दाराची बाजू अशा दोन बाजू नसतात. औषध मातीतून मातीत झिरपत आलं. आधी वाटांवरची लेकरं गेली, मग बागेतली. राणीला भरवणारं कुणी उरलं नाही. तीही गेली. माझ्या पोटात जी कुरकुर जन्मापासून चालू होती, ती थांबली. अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मला फार भीती वाटली.

पुढच्या श्रावणात वत्सला सागाची पानं घेऊन आली. घुमटीच्या मागं, पुढं, फरशीच्या कडेनं शोधत फिरली. मग तिनं नखानं गिलाव्याचा एक पोपडा काढला आणि जिथं माझं धुराडं होतं तिथं तळवा धरला. बराच वेळ धरला.

"बाय," ती म्हणाली, "तू थंड झालंस गो."

ती रडली. "माका वाटला, मी तुका वाचवलंय," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिनं मला खरंच वाचवलं होतं. यंत्रापासून वाचवलं होतं. मायेपासून कसं वाचवायचं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

आता मी नुसती माती आहे. माझ्यापुढे दिवा लागतो, जत्रा भरते, नारळ फुटतात. लोक नवस बोलतात, आणि ते श्रद्धेनं बोलतात. मी हसत नाही. पण हात जोडणाऱ्या एवढ्या माणसांत माझ्या आत काही जिवंत नाही, हे फक्त वत्सलेला ठाऊक आहे.

परवा ती आली. पावलं आता जड पडतात तिची. पण बोलताना आवाजात आनंद मावत नव्हता.

"आमच्या न्हाणीच्या मागे ल्हान रोयण इली हा," ती माझ्या कानाशी कुजबुजली. "घोव कुदळ घेवन उभो. मी म्हटलंय, हात लावलंस तर जेवाक घालूचंय नाय. मगे म्हणता कसो, कुंकू तरी लावया. मी म्हटलंय, कुंकू नको, फूल नको, कोणाक सांगा पण नको. वरचो पालो तेवढो झाडू नको."

ती लहान रोयण माझ्याच पंखवाल्या लेकरांपैकी कुणाच्या वंशातली असेल का? सुखाच्या त्या वर्षी पुष्कळ जोड्या माझ्यातून उडाल्या होत्या. खात्री कोण देणार? मी आपली तसं मानते.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. माझ्यासारखी कुणी तुम्हाला भेटली तर तिला मोडू नका आणि सजवूही नका. थोडी मोकळी माती, पडलेला पाला आणि वाहती हवा एवढं तिच्यापाशी राहू द्या. नमस्कार लांबूनही पोचतो.

जाताना वत्सलेनं नेहमीसारखा तळवा माझ्या अंगावर ठेवला. या वेळी तो ऊन होता. त्या लहान रोयणीच्या धुराड्यावर हात धरून ती सरळ माझ्याकडेच आली होती.